कुसुमच्या वाकळेचा गोट

सातारा, मंगळ. ८ जाने. १९४६
मामांशी पुन्हा वाजलं. कात्री आपटून दुकानाबाहेर पडलो. चहा पिऊन परत. जाणार कुठं? सांगलीचं कॉलेज मधेच सोडल्यावर मशीनवर बसवलं ते यांनीच.
दुपारी पलीकडच्या आळीतली कुसुम. आलीच! सुभेदारांसाठी, म्हणजे तिच्या वडिलांसाठी, नानांसाठी, वाकळ शिवलीय, जुन्या कापडाची गोधडी. कडेला पट्टीचा गोट लावायचं काम तेवढं आमच्याकडं. तिच्या आईचं निळं लुगडं वाकळेच्या आत गेलं, उरलेला धड तुकडा गोटाला. आई जाऊन दोन-तीन वर्षं झाली.
बरोबर तिची आत्या. "गोट काढून चोळीपुरतं राखा हो. पौष सरला की सांगलीची माणसं हिला बघायला यायचीत. रेशनात नवा खण कुठला मिळायला?"
कुसुम खाली बघत होती. मीही.

बुध. ९
वाकळेचे कोपरे तिनं परात ठेवून गोल काढलेत. उभी पट्टी कापली तर कापड वाचतं, पण गोलाईवर चुण्या. तिरपी, मामा जिला उरेब म्हणतात ती, छान वळते, सपाट बसते. पण कापड खाते. चोळीपुरतं उरत नाही.
मामा : "उभी काप. वाकळ हाय रं ती, पैठणी न्हाई."
मी : तिच्या आईच्या कापडावर चुण्या? तिरपीच!
कडाडून भांडलो. मग माझं मलाच कळेना, गोलाईसाठी भांडलो की सांगलीकरांवरच्या रागानं. मुलगा हळदीचा व्यापारी आहे म्हणे. हळद!

शुक्र. ११
खडूनं तिरप्या रेघा आखल्या. पुसल्या. परत आखल्या. कात्री चालवली की चोळीचा प्रश्नच मिटला. गोल कोपऱ्याला तिरपीच लागते, कोण नाही म्हणेल? खरंही आहे.
पण हात चालेना. असं चोरून तिची चोळी बुडवायची?

शनि. १२
सुचलं! बाजू सरळ, तिथं उभी पट्टी. तिरपे तुकडे फक्त चार कोपऱ्यांना, सांधे आतून. चोळी निघते.
मामांनी गोलाईवर अंगठा फिरवला. "जमतंय की रं, गड्या." पहिल्यांदाच.
आपल्या हातानं आपलीच वाट लावली. चोळीच्या कापडाची घडी फळीवर. निळं तिला शोभेल.

सोम. १४, संक्रांत
कुसुम तिळगूळ घेऊन आली. एकटी. वाकळ उलगडून दाखवली. चारी कोपरे हातानं चाचपले तिनं. मी ऐटीत घडी पुढं केली. "चोळीपुरतं वाचवलं."
"वाचवलं?" भडकलीच. "चौकोनी कोपरा येत नाही का मला? मुद्दाम गोल काढले. म्हटलं, शिंपी आहात, तिरपंच कापाल, सगळं संपेल. आईचं कापड अंगावर घालून त्या माणसांपुढं नाही बसायचं मला."
गाढव मी! म्हणालो, "मग कुणापुढं?"
एवढं कसं बोललो, देव जाणे. लाल झाली. घडी माझ्याकडं सरकवली. "इथंच राहू दे. शिवायची तेव्हा मी सांगेन." पायरीवरून वळून : "वाकळ तुम्हीच आणून द्या. नाना संध्याकाळी घरी असतात."

मंगळ. १५
मामांना सांगून टाकलं.
"वाकळ द्यायला चाललायस का पोरगी मागायला?"
"दोन्ही."
मामांनी सुईत दोरा ओवला. मग, "आवाज चढवू नगंस. सुभेदार हाय त्यो."
धुतलेला सदरा घातलाय. नाना पहिलं विचारणार, कॉलेज का सोडलंस? खरं तेच सांगेन : डोकं फिरलं, सोडलं. शिवणकाम नाही सोडणार. गोल कोपऱ्यांचं मात्र बोलणार नाही. ते तिनं सांगावं, वाटलं तर.
उन्हं उतरली. वाकळ बगलेत. निघतो.