बायोडेटाची चौथी दुरुस्ती

मानक नगर, लखनऊ
मंगळवार, दुपारी

प्रिय देविका,

हे पत्र मी स्वतः हज़रतगंजला जाऊन स्पीड पोस्टाने टाकणार आहे. फोनचं काही खरं नाही. तुझा फोन आला की तुझे बाबा स्पीकर चालू करून समोर बसतात, माझे मेसेजही वाचतात, आणि त्यांच्यासमोर माझ्या तोंडून भलतंच निघतं. तेव्हा आधी सगळं वाच, मग काय चिडायचं ते चिड.

रविवारी बख्शी का तालाबहून विश्वजितचे आईवडील येऊन गेले. तोच एअर फोर्सवाला मुलगा, ज्याच्या फोटोवर तू नुसता अंगठा पाठवला होतास. मुलाला मी पाहिलेलं नाही, त्याच्याबद्दल बोलत नाही. पण त्याची आई! वासंतीबाई मूळच्या सांगलीच्या, सगळं बोलणं आपल्यासारखं मराठीत. तीन बटाटेवडे संपवले, बोटं पुसली आणि मग एकदम हिंदीत सुरू झाल्या, की देखिए, लड़की लड़के से ज़्यादा पढ़ी हो तो घर में दिक्कत होती है. घाणेरडी गोष्ट मराठीत बोलायची लाज वाटली असेल. शी! मला तर समोरच्या बशीकडे बघवेना.

आणि तुझे बाबा काय करत होते म्हणशील? तू पाठवलेला तो आलेख त्यांनी ऑफिसातून मोठ्या कागदावर छापून आणलाय, बैठकीत लावलाय. एका बाजूला भारत, दुसऱ्या बाजूला दक्षिण कोरिया, बायकांची शिक्षणं २०६० सालापर्यंत कुठे पोचतील त्याची अंदाजाची रंगीत पट्टी. वासंतीबाईंच्या यजमानांना त्यांनी वीस मिनिटं समजावलं. कोरियातल्या आज्या आपल्या आज्यांसारख्याच कशा कमी शिकलेल्या, नाती बघा कशा कॉलेजात गेल्या, आपल्याकडे हाच पल्ला गाठायला किती वर्षं लागतील. आवाजात काय कळकळ! या महिन्याच्या वीस तारखेला मुलगी याच कामासाठी वर्षभर सोलला जाणार, याबद्दल मात्र अवाक्षर काढलं नाही. आणि त्याच हाताने तुझा बायोडेटा पुढे केला, ज्यात तुझी पीएच.डी. नाही.

हो, नाही. त्यांच्या ऑफिसात रेल्वेच्या ड्रॉइंगमध्ये बदल केला की कोपऱ्यात ऑल्टरेशन नंबर आणि तारीख टाकतात ना, तसंच यांनी तुझ्या बायोडेटाचं केलंय. पहिल्यात ‘पीएच.डी. करीत आहे’. दुसऱ्यात ‘संशोधनाची आवड’. तिसऱ्यात नुसतं ‘एम.एस्सी.’ त्या येण्याआधी गुरुवारी वासंतीबाईंचा फोन आला आणि चौथा निघाला, ‘एम.एस्सी., लग्नानंतर नोकरीचा आग्रह नाही’. तारखेसकट! घरातल्या माणसाला असं खोडरबराने घासताना यांना काही वाटत नाही याची मला किळस येते गं. पण खरी किळस पुढेच आहे. ते चौथ्यातलं वाक्य माझं आहे. यांना मराठीत नीट जमेना म्हणून मला हाक मारली आणि मी कणकेचे हात धुऊन, चष्मा लावून ते सुबक लिहून दिलं. शुद्धलेखनसुद्धा तपासलं.

तू मागच्या दिवाळीत मला त्या आलेखात शोधून दाखवलं होतंस, आठवतं? आई, तू इथे, पन्नाशीच्या पट्टीत, पदवीधरांच्या रंगात. म्हणालीस, तिशीपर्यंत बाई जे शिकली तेच पुढे जन्मभर धरायचं, असं तुमच्या गणितात मानतात. दर पाच वर्षांनी ती पट्टी एक पायरी वर सरकते, रंग तोच. मी हसले आणि करंजीचं सारण ढवळायला गेले. तुला सांगितलं नाही की माझं एम.एस्सी.चं दुसरं वर्ष अमरावतीला अर्धं झालं होतं. परीक्षेच्या आठवड्यातच मुहूर्त निघाला. मी नको म्हटलं नाही. साडीच्या रंगावरून भांडले, परीक्षेवरून नाही. मला माझाच इतका राग कधी आला नव्हता जितका रविवारपासून येतोय.

वासंतीबाईंना ‘मुलगी पसंत’ आहे, फक्त प्रत्यक्ष बघायचीय. त्यांनी एकोणीस तारीख दिली आणि यांनी हो म्हटलं. तुझं सोलचं विमान वीसला पुण्याहून, हे माहीत असून. काल चहा पिताना मला समजावलं की एकदा मुलगी घरी आली, चार माणसांत बसली, की तिकीट आपोआप रद्द होतं. मग म्हणाले, पुढच्या बुधवारी तिला फोन करू, तुला छातीत दुखतंय म्हणून.

म्हणून हे पत्र. देविका, मी ठणठणीत आहे. सकाळी दोन किलोमीटर चालून आले, परवा बीपी तपासलं, उत्तम आहे. फोन येईल तेव्हा हे शेजारी बसलेले असतील आणि मला ओळखून आहेस तू, मी कदाचित कण्हेनही. ‘ये गं’ म्हणेन, रडेनसुद्धा. एका शब्दावर विश्वास ठेवू नकोस. विमानात बस.

तुझीच, पण अजून पुरती धीट न झालेली,
आई