रविवारची थंडी

७ फेब्रुवारी, सोमवार

आज सकाळी तापमापकापुढे वाकले आणि एकदम आठवलं – कॉन्व्हेंटचं मागचं अंगण, आम्ही सातवीतल्या, मी आणि माझी बाकावरची मैत्रीण. ती ताडमाड, मी बुटकी. सिस्टर म्हणाल्या, डोळा पाऱ्याच्या रेषेत हवा. तिने गुडघे वाकवले, मी टाचा उंचावल्या आणि दोघींची टाळकी आपटली! सिस्टरनी दोघींच्या कपाळावर ओला रुमाल दाबला, वरून पुस्तकाने वारा घातला. "गार लागलं? ओल्या गोळ्याचा तापमापक असाच चालतो." कळलं. जन्मभरासाठी कळलं. असं शिकवणं आपल्याला काही जमलं नाही.

आज सातवीला तेच शिकवलं. मागच्या बाकावरच्या त्रिकुटातला एक म्हणाला, "बाई, फोनमध्ये दिसतं की सगळं. उगाच कशाला वाकायचं?"

"तुझ्या फोनला घाम येतो का?"

वर्ग हसला. तो म्हणाला, "चार्जिंगला लावला की येतो."

मीही हसले. काय करणार.

८ फेब्रुवारी, मंगळवार

मुख्याध्यापिकेने बोलावलं. ही माझीच विद्यार्थिनी. वर्गात तिला बडबडी म्हणायचे, अजून मनात तेच नाव येतं. खुर्चीवरून अर्धी उठून म्हणाली, "बसा ना बाई." मुदतवाढीची फाइल समोरच होती. निवृत्तीनंतर दर वर्षी एक वर्ष – गेली तीन वर्षं चाललंय.

"बाई, तुमचा तो हवामान कोपरा. पालक म्हणतात, तिथे काहीतरी आकर्षक करा. म्हणजे सेल्फी पॉइंट वगैरे."

सव्वीस वर्षं! रोज साडेआठला नोंद, एक दिवस चुकलेला नाही. आणि त्या जागी पुठ्ठ्याचे पंख लावून फोटो काढायचे!

मग तिनेच तोडगा सांगितला. हवामान कार्यालय जुन्या नोंदी गोळा करतंय. त्यांचा माणूस पुढच्या आठवड्यात येऊन रजिस्टर तपासेल. त्याने मान्य केलं तर कोपरा राहील. नाही केलं तर पंख.

मी म्हटलं, तपासू दे की. कर नाही त्याला डर कशाला.

१० फेब्रुवारी, गुरुवार

सून पुन्हा डोळ्यांवरून बोलली. "आई, काल तुम्ही दुधाच्या पातेल्यात ताक ओतलंत." म्हटलं, नंबर वाढला असेल. "मग चला ना दाखवायला." हवामानवाले साहेब येऊन जाऊ देत, मग बघू.

११ फेब्रुवारी, शुक्रवार

विश्वास बसत नाही. रजिस्टरमध्ये खाडाखोड!

नजरेला नाही, बोटाला कळलं. पान उलटताना कागद एके ठिकाणी पातळ लागला. खिडकीपाशी उजेडात धरलं – जागोजाग खरवडलेलं. ब्लेडने. वर नवा आकडा. गेलं वर्षभर!

पद्धत अशी: मी तापमापकांच्या पेटीची झडप उघडून आकडा वाचते, एक मूल रजिस्टरमध्ये लिहितं, मी सही करते. म्हणजे माझ्या सहीनंतर हे उद्योग.

वर्गाला विचारलं. कोणी ब्र काढेना. जिला मी चौकशी म्हणते – दिवसाला चाळीस प्रश्न विचारणारी – ती तेवढी मान खाली घालून बसली. बाकीचे माझ्याकडे असे बघत होते, जणू चूक मीच केली आहे.

सगळ्यांना शिक्षा. उपकरणांना हात लावायचा नाही. आणि घरून पन्नास वेळा लिहून आणायचं – 'मी जे पाहीन तेच लिहीन.'

१३ फेब्रुवारी, रविवार

नेहमीसारखी एकटीच शाळेत. शाळेत चिटपाखरू नव्हतं. कोरडा गोळा सोळा, ओला बारा. लिहिलं. रविवारचं पान मात्र स्वच्छ, एकही खाडाखोड नाही. या मुलांच्या हातून माझे रविवार तेवढे वाचले म्हणायचे.

१५ फेब्रुवारी, मंगळवार

हवामान कार्यालयातले साहेब आले. वयाने माझ्या मुलाएवढे. पेटी बघून खूश झाले, पर्जन्यमापक बघून तर आणखी. त्यांचं केंद्र इथून दोन मैलांवर. तिथल्या नोंदी लॅपटॉपवर उघडून एकेक पान ताडून पाहायला बसले. बडबडी समोर, मी दाराशी.

तासाभराने म्हणाले, "मॅडम, एक गंमत विचारू? तुमच्याकडे रविवारी थंडी पडते का?"

मला कळेना.

"सोमवार ते शनिवार सगळं जुळतंय. रविवार आला की तुमचा पारा चार-पाच अंश खाली. सोमवारी पुन्हा जागेवर. थंडी सुट्टी काढून तुमच्या शाळेत येते की काय?"

बडबडी हसली. मी नाही.

मी सांगून टाकलं – मुलांनी आकडे बदललेत, मी त्यांना शिक्षा केली आहे. त्यांनी पान उजेडात धरलं, पुन्हा लॅपटॉपकडे पाहिलं. "पण मुलांनी लिहिलेलाच आकडा बरोबर आहे. खरवडून खोटं केलेलं खूप पाहिलंय. खरवडून खरं केलेलं पहिल्यांदा बघतोय!"

मग हळू आवाजात – "रविवारी कोण वाचतं?"

१६ फेब्रुवारी, बुधवार

मधल्या सुट्टीत त्या 'चौकशी'ला बोलावलं. शिक्षेच्या ओळी घेऊन आली. पन्नासच्या पन्नास, सुंदर अक्षरात.

"बाई, आम्ही पाहिलं तेच लिहिलं होतं."

"मग मला का नाही सांगितलंत?"

दारामागून त्रिकुटातल्या एकाचा आवाज – "अगं सांग ना!"

"बाई, तुम्ही आकडा सांगायच्या, आम्ही तोच लिहायचो. तुम्ही आत गेलात की पाळीवाला परत बघून यायचा. आम्ही पाळ्या लावल्या होत्या. पहिल्यांदा वाटलं, एखाद्या दिवशी चुकलं असेल. मग रोजच..."

"मला सांगितलं असतं तर मी काय खाल्लं असतं तुम्हाला?"

"मग तुमचं येणं बंद झालं असतं."

वर्गात परत जाऊन काय शिकवलं, आठवत नाही. बहुतेक वारे शिकवले.

संध्याकाळी जुनी रजिस्टरं काढली. भिंग लावून, खिडकीत बसून. परवाच्या रविवारी लिहिलं – कोरडा सोळा, ओला बारा. वीस वर्षांपूर्वीचा हाच आठवडा – कोरडा सोळा, ओला बारा. त्याच्या आदल्या वर्षीही सोळा!

म्हणजे रेघा दिसत नव्हत्या, वाकड्या व्हायच्या, आणि मी तोंडपाठ आकडा सांगत होते. फेब्रुवारी जसा असायचा तसा. आता तो तसा राहिलेला नाही, हे मुलांना दिसत होतं. मला नाही.

वर्षभर मी आठवणीतलं हवामान शाईने लिहीत होते. आणि मुलांना म्हणते, पाहाल तेच लिहा!

१७ फेब्रुवारी, गुरुवार

सुनेला म्हटलं, चल. तिने एक प्रश्न विचारला नाही, पर्स उचलली.

डॉक्टरीणबाईंनी चौकटी-चौकटीचा कागद धरला. मधल्या चौकटी विहिरीत पडल्यासारख्या दिसल्या. नंबराचा प्रश्नच नाही. डोळ्याचा पडदा झिजलाय, दोन्हीकडचा. "मधलं हळूहळू जाईल. कडेचं राहील." औषधाने वेग कमी होईल म्हणे. गेलेलं परत येणार नाही.

सून रिक्षात रडली. मी तिला धीर दिला – अगं, ताक-दूध तरी चवीने ओळखेन. ती आणखी रडली.

१८ फेब्रुवारी, शुक्रवार

साहेबांनी खुलासा मागितलाय, आजच, सहीनिशी. खाडाखोड कोणी आणि का केली. खुलासा नाही, तर वर्षाची नोंद बाद. आणि कोपराही.

जाड पेनाने लिहिला. पहिलं वाक्य तीनदा फाडलं, चौथ्यांदा सरळ लिहिलं: मला एक वर्षापासून तापमापक नीट दिसत नाही, मी सांगितलेले आकडे चुकीचे होते, मुलांनी ते दुरुस्त केले.

बडबडीने वाचलं. दार लावून घेतलं.

"बाई, हे दप्तरी लागलं तर मी मुदतवाढ देऊ शकत नाही."

"माहीत आहे."

"मग थोडं गोलमोल लिहू या ना. मुलांची हस्तदोषाने चूक, असं. तीही लहान आहेत, त्यांचं काय जातंय?"

"तेच तर. लहान आहेत."

बडबडी गप्प बसली. तिला सातवीपासून ओळखते, असं प्रथमच झालं. मग शिक्का मारला. नीट लागला नाही, म्हणून दुसऱ्यांदा मारला.

शेवटच्या तासाला वर्गात जाऊन माफी मागितली. कोणाला कुठे बघावं कळेना. शेवटी त्रिकूट म्हणालं, "बाई, मग ते पन्नास वेळा लिहिलेलं परत मिळेल का?"

२१ फेब्रुवारी, सोमवार

नोंद मान्य. माझे रविवार वगळून. मार्चअखेर मी शाळेतून मोकळी. कोणाला काय द्यायचं, ते डोक्यात आहे तोवर लिहून ठेवते.

पेटीची किल्ली – चौकशीला. बिजागरीला तेल तिनेच घालावं, कुरकुर ऐकून घेऊ नये.

पावसाचं मोजपात्र – त्रिकुटाला. तिघांत एकच आहे, भांडा.

दिवाणखान्यातला हवादाबमापक – सुनेला. पुसताना ती त्याच्या काचेवर टिचकी मारते, मला सगळं ठाऊक आहे.

माझ्या हस्ताक्षरातले धडे – बडबडीला. वाचेल की नाही, देव जाणे.

रविवार – सगळ्या वर्गाला, पाळीने. ज्याची पाळी त्याने साडेआठला पेटीपाशी उभं राहून मला फोन करायचा. आकडा लगेच सांगायचा नाही. आधी मी खिडकीबाहेर हात काढून माझा सांगणार. मग तुमचा.

फरक लिहून ठेवायचा.