एका माणसापुरतं पुडिंग

ता. १४ एप्रिल

सौ. हिस,

अ. आ. विशेष. मोबाइल पाकात पडला म्हणून हे पत्र. टाळेबंदीत दुरुस्तीचं दुकान बंद आहे, टपाल मात्र चालू आहे. तेव्हा लग्नानंतर पहिल्यांदाच तुला लिहितोय.

वसतिगृह बंद होऊन तीन आठवडे झाले. दोनशे मुलांचा स्वयंपाक करणारा माणूस घरात एकटा बसला की काय करतो, ते ऐक. फडताळात शिळा पाव, अर्धं पाकीट दूधपावडर, साखर आणि दोन-तीन अंडी निघाली. म्हटलं, आपलं नेहमीचं पुडिंग करू. पण माझ्या डोक्यातलं सगळं माप दोनशेचं. चाळीस अंड्यांना दोनशेनं भागलं तर माझ्या वाट्याला अंड्याचा पाचवा हिस्सा आला. हा भागाकार मोबाइलवर करत होतो, खाली साखर विरघळत होती, आणि फोन हातातून सटकला. तरी अंडं फेटून त्याचा पाचवा हिस्सा मी चमच्याने मोजून घातला. जे झालं ते वाटीतून सुटेना, म्हणून वाटीसकट टाकलं.

तू लेकीचं बाळंतपण नीट कर. परत यायची मुळीच घाई करू नकोस. माझं इथे झकास चाललंय.

कळावे. लोभ आहे तेवढा राहू द्यावा.

तुझा,
अहो

ता. २५ एप्रिल

ती. बल्लवाचार्यांना,

सा. न. वि. वि. बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत. नात तुमच्यावर गेली आहे, भूक लागली की घर डोक्यावर घेते. वाटी कुठली टाकलीत ते कळवा. काचेची असली तर आल्यावर बघते तुमच्याकडे. आल्यावर म्हणजे, आले तर.

अठ्ठावीस वर्षं तुमच्या पुडिंगचं कौतुक मी लोकांच्या तोंडून ऐकतेय. भाजीला जावं तर तुमचा एखादा जुना विद्यार्थी थांबवतो आणि म्हणतो, काकू, तुमची मजा आहे, घरीच असतं ते पुडिंग. मी हसून वेळ मारून नेते. घरी करा म्हटलं की तुमचा हात दुखायचा. इथे जावईबापूंनी परवा बिस्किटं चुरून, केळी कुस्करून केक केला. वरून करपलेला, आत कच्चा. मी दोनदा मागून घेतला. माझ्यापुढे कुणी आयती बशी ठेवली, याचंच इतकं अप्रूप वाटलं की डोळ्यांत पाणी आलं.

पुढच्या महिन्यापासून प्रवासाचे पास देणार आहेत म्हणे. ही दोघं म्हणतात, आई, आता इथेच राहा. मलाही इथे बरं वाटतंय. अजून मी हो म्हटलेलं नाही. मी परत का यावं ते तुम्हीच सांगा, आणि झकास-बिकास न लिहिता सांगा.

प्रकृतीस जपावे. लोभाचं तुमच्या उत्तरानंतर बघू.

तुमची,
अगं

ता. ४ मे

सौ. हिस,

अ. आ. जावयाचा केक कच्चा राहिला, कारण त्याने आच मोठी ठेवली. हे त्याला माझं नाव न घेता सांग.

पुडिंग पुन्हा केलं. भागाकार सोडून दिला. एक अंडं सबंध फोडलं आणि बाकीचं त्याच्या बेताने घातलं. थरथरलं, पण उभं राहिलं. अडचण एवढीच की एका अंड्यात पाच वाट्या होतात. शेजारी काही द्यायची बंदी. एक खाल्ली, चार माझ्याकडे बघत बसल्या.

हात कधीच दुखत नव्हता. मला तुझी भीती वाटायची. भुकेली पोरं काय, काहीही चाटूनपुसून खातात. तू मात्र चवीची पक्की. एक घास खाऊन तू गप्प बसली असतीस, तर दुसऱ्या दिवशी मी कुठल्या तोंडाने त्या पातेल्यापुढे उभा राहिलो असतो? म्हणून अठ्ठावीस वर्षं तुला वाटी दिली नाही. वाईट केलं मी.

इथे झकास काहीही नाही. घर खायला उठतं. ये.

अहो

ता. १५ मे

ती. स्वरूप यांस,

सा. न. वि. वि. पत्र तीनदा वाचलं आणि पासचा अर्ज भरला. कारणाच्या रकान्यात खरं तेच लिहिलं, की नवऱ्याने पुडिंग केलं आहे. अर्ज परत आला. मृत्यू, आजार किंवा बाळंतपण यांतलं एक लिहा, असा वर शेरा. बाळंतपण आटोपलंय, मृत्यू लिहवेना, तेव्हा तुम्हाला आजारी केलं. पास लगेच मिळाला. गुरुवारी पोचते. तोवर जरा अशक्त दिसा, पण खोकू नका, नाहीतर चौदा दिवस उचलून नेतील.

लेक रुसली आहे. तिला म्हटलं, तुझ्या बापाला अठ्ठावीस वर्षांनी कंठ फुटलाय, जायला हवं.

पुडिंग सपक झालं असेल तर तोंडावर सांगेन. गप्प बसणार नाही, आणि वाटी रिकामी केल्याशिवाय उठणारही नाही.

लोभ सोबत घेऊन येतेय.

तुमचीच,
अगं