सकाळी सहाचा दाब

४ मार्च

प्रिय भोंग्या,

अनेक आशीर्वाद. आठ वर्षांचे साचले आहेत, तेव्हा दोन्ही हातांनी घे. तू बरा आहेस ना? भावजय कशी आहे? तुमच्या नव्या घराचा पत्ता तिनेच मागच्या वर्षी मला कळवला, तिच्यावर डाफरू नकोस. फोन नंबरही दिला होता. पण तू पलीकडून नुसतं "बोल" म्हणालास तरी माझी बोलती बंद होईल, म्हणून कागद घेतला.

माझं ठीक चाललंय. नोकरी संपून दोन वर्षं झाली. तीस वर्षं कारखान्यांची प्रेशर गेजं तपासली, आता कोणी काही तपासायला देत नाही, म्हणून स्वतःलाच तपासते आहे. थट्टा नाही करत. मला काचबिंदू आहे. बाबांना होता तोच. कळून सहा वर्षं झाली. दिसतं मला, घाबरू नकोस. डाव्या डोळ्यात नाकाच्या बाजूचा एक तुकडा तेवढा गेला आहे. गंमत अशी, की तिथे काळं वगैरे काही दिसत नाही. तिथे काही नाही हेच दिसत नाही. मी भिंतीकडे बघते तेव्हा भिंत अख्खीच असते. दवाखान्यातल्या त्या यंत्रात बारीक दिवे लागतात, दिसला की बटण दाबायचं. मी अगदी झोकात दाबत होते. नंतर कागद बघितला तर एका कोपऱ्यातले दिवे मला कधी दिसलेच नव्हते.

आता खरी मजा ऐक. काचबिंदूत डोळ्यातला दाब बघतात, तो वाढला की मागची नस हळूहळू झिजते. माझा दाब सहा वर्षं सोळा. कधी पंधरा. एकदम सोज्वळ आकडा. मी थेंब घालते, डॉक्टरीणबाई शाबासकी देतात, मी बसने घरी येते. आणि तरी तो तुकडा दर वर्षी थोडा मोठा होतो. बाई चक्रावल्या. मला विचारलं, "थेंब रोज घालता ना?" मला असा राग आला! मी, जिने आयुष्यभर इतरांच्या नोंदी तपासल्या, ती थेंब चुकवेन? (दोनदा चुकवले होते. तेही वहीत लिहून ठेवलंय.)

मग त्यांनी मला तीन आठवड्यांसाठी एक यंत्र घरी दिलं. हातात मावेल एवढंच आहे. कपाळाला आणि गालाला टेकवायचं, समोरच्या हिरव्या दिव्याकडे बघायचं, बटण दाबायचं. टाचणीच्या डोक्याएवढा एक दांडा बाहेर येतो, बुबुळाला जेमतेम शिवतो आणि परत जातो. किती वेगाने परत गेला त्यावरून दाब कळतो. दुखत नाही. पहिल्या दिवशी मी अकरा वेळा दचकले, बाराव्या वेळी मला ते आवडायला लागलं.

तू मला ओळखतोस. घरात नवं गेज आलंय आणि मी गप्प बसेन? मी दिवसातून सहाऐवजी चौदा वेळा मोजायला लागले. जेवणाआधी, जेवणानंतर. गळाबंद स्वेटर घालून, स्वेटर काढून. पलंगाखालची ट्रंक ओढायला वाकले, उठल्या उठल्या मोजलं: सतराचा बावीस. खालच्या मजल्यावर एक शिवणकाम करणारी बाई राहते, तिच्याशी नळाच्या पाण्यावरून भांडून आले आणि मोजलं: सतराच. म्हणजे भांडण मला मानवतं.

पण सकाळी सहाला, अंथरुणातून उठल्या उठल्या, सत्तावीस. मी म्हटलं यंत्र बिघडलं. परत मोजलं, सव्वीस. दुसऱ्या दिवशी अठ्ठावीस. रोज तेच. नऊपर्यंत वीस, साडेअकराला सोळा. आणि दवाखान्यात माझी वेळ सहा वर्षं कुठली? साडेअकराची. मीच मागून घेतली होती, तेव्हा बसला गर्दी नसते. कारखानेवाले बॉयलर थंड करून मग आम्हाला तपासायला बोलवायचे, त्यांना मी किती तासलंय. इथे मीच माझा बॉयलर थंड झाल्यावर न्यायची.

डॉक्टरीणबाईंना आकडे फोनवर सांगितले. त्यांनी ते परत वाचून घेतले आणि मग "अरे वा" म्हणाल्या, म्हणजे काळजीचं आहे पण उत्तर सापडलं. आता थेंब बदलले आहेत. बघू.

हे सगळं तुला लिहायचं कारण म्हणजे सहज. बाबांची आठवण येते. त्यांनाही आधी कडेचं दिसेनासं झालं होतं, आणि आपण त्यांना वेंधळे म्हणून हसायचो. तुझे डोळे कसे आहेत? नुसतं चष्म्याच्या दुकानात नको, डोळ्यांच्या डॉक्टरकडे कधी गेला होतास ते कळव. उत्तर पाठव, चार ओळींचं का होईना.

तुझी,
ताई


१९ मार्च

प्रिय भोंग्या,

तुझं पत्र मिळालं. चार ओळी मागितल्या होत्या, तू पाच लिहिल्यास, उपकार झाले. अक्षर अजून तसंच, कोंबडीचे पाय.

तू लिहितोस, डोळे उत्तम आहेत, डॉक्टरकडे जायची वेळच आली नाही. आणि पुढच्याच ओळीत लिहितोस की हल्ली मंचावर ट्रंपेट वाजवताना उजवीकडचा ड्रमवाला अंगावर येईपर्यंत कळत नाही, दोनदा त्याच्या स्टँडला अडखळलास, सगळा बँड हसला, वय झालं. शेवटी विचारतोस, "बाबांच्या डोळ्यांचं आताच का काढलंस?"

सांगते. पण आधी मी काय उद्योग केला ते वाच, कारण त्याच्याशिवाय पुढचं नीट कळणार नाही.

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी माळ्यावरून बाबांचं ट्रंपेट काढलं. हो, ते माझ्याकडे आहे. विकलं नाही, कुणाला दिलंही नाही. पुसलं, तोंडाला लावलं. मला बघायचं होतं की फुंकताना डोळ्यात काय होतं. पण एका माणसाला दोन्ही करता येत नाही, ट्रंपेट धरायचं का यंत्र? म्हणून खालच्या शिवणकामवाल्या बाईला बोलावलं. सुईत दोरा ओवणारा हात, जराही हलत नाही. नळाचं भांडण तिने तेवढ्यापुरतं बाजूला ठेवलं. मी फुंकायचं आणि तिने माझ्या डोळ्यासमोर यंत्र धरून बटण दाबायचं, असं ठरलं.

पहिल्यांदा नुसती हवा गेली. दुसऱ्यांदा जो आवाज निघाला तो ऐकून वरच्या मजल्यावरचे आजोबा पाईप फुटला का म्हणून विचारायला आले. तिसऱ्यांदा सूर लागला, वरचा, लांब. माझे कान लाल, गाल फुगलेले, आणि ती बाई शांतपणे आकडा वाचते आहे. शांत बसून सतरा होता. फुंकताना एकोणतीस. परत फुंकलं, एकतीस. तिसऱ्यांदा तीस. थांबले, दोन मिनिटं बसले: अठरा. दुसऱ्या दिवशी पुन्हा तसंच करून बघितलं, कारण एकदा आलेल्या आकड्याला मी आकडा म्हणत नाही. पुन्हा तेच.

मला इतकं नवल वाटलं की मी क्षणभर विसरलेच हे कशासाठी चाललंय. आपल्या घरात ते वाद्य चाळीस वर्षं वाजत होतं आणि कुणाला ठाऊक नव्हतं की वाजवणाऱ्याच्या डोळ्यात त्या वेळी काय चाललं असेल. बाबा रोज तीन तास वाजवायचे. तू किती वाजवतोस?

आता नीट वाच. तू वाजवणं सोड असं मी म्हणत नाही. डॉक्टरीणबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, जोर लावून फुंकणाऱ्यांचा दाब तेवढ्यापुरता चढतो, चांगल्या डोळ्याला सहसा त्याचं काही नसतं. पण नस आधीच झिजत असेल तर डॉक्टरला ते माहीत असायला हवं. म्हणजे आधी डोळे तपासायचे, ट्रंपेटचं नंतर बघता येतं. माझं टाळकं फिरलंय म्हणून, जुना राग मिसळून मी हे लिहिलेलं नाही, एवढा माझ्यावर विश्वास ठेव.

तुला ते कठीण जाईल हे मला माहीत आहे. बाबा गेले त्या दिवशी तू संध्याकाळी पोचलास, बँडचा कोट अंगावर, हातात ट्रंपेटची ती पेटी. मी दारातच तुला सांगितलं होतं, ती नळी फेकून दे, मगच या घरात पाय ठेव. बाबा शेवटची तीन वर्षं माझ्याकडे होते, त्यांना भरवायला, आंघोळ घालायला मी होते, आणि ते प्रत्येक बेलला तुझं नाव घ्यायचे. त्याचा राग होता. तू तसाच जिना उतरलास. मला वाटलं होतं, कोपऱ्यावरून परत येशील.

दोन वर्षांनी माझ्या डोळ्याचं निघालं. दवाखान्यात एक फॉर्म भरून घेतात. वय, इतर आजार, घरात कुणाला काचबिंदू. वडिलांना, असं मी सांगितलं. मग बाईंनी विचारलं, "भावंडं?"

मी म्हणाले, "नाही."

त्यांनी तसं लिहिलं, आणि लिहिता लिहिता म्हणाल्या, "असती तर सगळ्यात आधी त्यांना तपासून घ्यायला सांगितलं असतं. भावंडांना धोका जास्त. आणि लवकर कळलं तर बरंच वाचवता येतं." मी ऐकलं. मान हलवली. बाहेर येऊन थेंबांची बाटली घेतली आणि घरी आले.

तेव्हा मला वाटलं, एवढ्यात काय होतंय. मग वाटलं, आता लिहिलं तर तो म्हणेल ताई नवी युक्ती काढून ट्रंपेट सोडवते आहे. मग वाटलं, भावजयीला सांगावं. मागच्या वर्षी तिचा फोन आला तेव्हा बारा मिनिटं बोललो. तुमच्या घराला खिडक्या किती आहेत तेसुद्धा विचारलं. हे नाही सांगितलं, कारण तोवर पाच वर्षं झाली होती आणि पाच वर्षं का गप्प होतीस याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही. गेल्या पत्रात मी "सहज" लिहिलं. सहज नव्हतं. सकाळी सहाला सत्तावीस बघितला त्या दिवशी मला तुझं तोंड दिसलं. माझं सहा वर्षं चुकीच्या वेळी का होईना, कुणी मोजलं तरी. तुझं तर कुणी मोजलंच नाही.

ड्रमवाला वयामुळे दिसेनासा होत नाही, भोंग्या. मला चुकीचं ठरव. तुझं काहीच निघालं नाही तर मला आयुष्यभर चिडव, मी ऐकून घेईन. पण निघालं, तर त्यातलं किती या सहा वर्षांत गेलं हे कोणालाच सांगता येणार नाही, आणि गेलेलं परत येत नाही. ते माझ्यामुळे गेलं असेल. हे मी तोंडावर सांगू शकले नसते.

काल यंत्र परत करायला गेले. नव्या थेंबांनी सकाळचा दाब एकोणीसवर आलाय. बाई खूश होत्या, मला निरोप देत होत्या. मी म्हटलं, माझ्या फॉर्ममध्ये एक चूक आहे, ती दुरुस्त करा. त्यांनी जुना कागद काढला. मी त्या ओळीवर बोट ठेवलं आणि म्हटलं, इथे एक भाऊ लिहा, पाच वर्षांनी धाकटा, ट्रंपेट वाजवतो. त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे बघितलं.

"सहा वर्षांपूर्वी नव्हता?"

"होता," मी म्हणाले. "मी नाही म्हणून सांगितलं होतं."

त्या मला चार शब्द बोलल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्यांनी आधीचा शब्द खोडला, वर नीट अक्षरात लिहिलं आणि म्हणाल्या, "त्यांना या आठवड्यात तपासायला सांगा. इथे आले तर मी सकाळी लवकर उघडीन." मी तुझ्यासाठी येत्या मंगळवारची, सकाळी सातची वेळ घेतली आहे. आदल्या दिवशी माझ्याकडे राहायला ये. तिकडे तुमच्या गावात दाखवणार असशील तर तसं कर, पण या आठवड्यात कर, आणि आकडा मला कळव, कसाही असला तरी.

येणार असशील तर एकच सांगते. पेटी घेऊनच ये. आणि बोलायचं नसेल तर नको बोलूस, दवाखान्यात मी बाहेरच्या बाकावर बसेन. तुझं नाव पुकारतील तेव्हा सोबत कोण आहे म्हणून विचारतात. तेव्हा मी उठून उभी राहीन. तू "कोणी नाही" म्हणालास, तर परत खाली बसेन.

एका भावाची बहीण,
ताई