चौथं बटण

पिपरी मेघे, वर्धा
१२ जानेवारी १९८४

प्रिय हरिदास,

'प्रिय' सवयीने लिहून गेले. बाबांच्या अपघाताची तार तुला मिळून अकरा दिवस झाले. उलट तारेत तू काय विचारलंस? 'सुट्टी नाही. गाडीला किती लागलं?' बाबांचा उजवा पाय मांडीपासून प्लास्टरमध्ये, आणि थोरल्या बहिणीला तू गाडीचं विचारतोस. मडगार्ड चेपलंय. झालं समाधान?

परवा तानबा मिस्त्रीने तुझी फटफटी अंगणात उघडली. दिल्लीच्या भंगार बाजारातून आणलेला, परदेशी मोटरसायकलचा तो बटणांचा संच हँडलला लावून तू गावभर मिरवलास. चार बटणं, त्यातली हॉर्न आणि डिपर एवढीच चालणारी. उरलेली दोन म्हणे बारा व्होल्टची बॅटरी बसवली की जोडायची, एकावर धुक्याचा दिवा, एकावर मागचा लुकलुकणारा, आणि मग थेट लेह. गाडी कधी जिल्ह्याबाहेर गेली नाही. बरं, ती दोन बटणं जोडलेलीच नाहीत हे खरं तू मला सांगितलंस. बाबांना सांगितलंस की चौथं, लाल बटण दाबलं की मागचा दिवा लुकलुकतो, पण सीटवर माणूस बसलेला असेल तरच. ते उतरून बघतील आणि तुझं पितळ उघडं पडेल, म्हणून ही पुस्ती. मी तेव्हा खो खो हसले होते. जबलपूरला नोकरीवर जाताना तू गाडी त्यांच्या हवाली केलीस, तेव्हा ते बटण जोडलं असशील असं मी धरून चालले. तानबाने मला बाजूला बोलावून तारांची टोकं दाखवली. टेप गुंडाळून ठेवलेली, जशीच्या तशी.

त्या सकाळी बाबा तळेगावला आत्याकडे निघाले होते. धुकं दाट, चष्म्यावर दंव. पुसायला थांबले. दुसरा कुणीही गाडी स्टँडवर लावून कडेला झाला असता. हे गाडीवरच बसून राहिले, लाल बटण दाबून, कारण उतरलं तर दिवा विझेल. मागून जीप आली. चष्म्याचा चुरा झाला, पायाचं सांगितलंच.

जीपवाल्याला त्यांनीच सोडून दिलं. पोलीस जमादाराला म्हणाले, "त्याची काई चूक नाई. बल्ब गेला असन, म्या पाह्यलाच नाई." भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला हेच ऐकवतात. काल शेजारच्या शकुबाईंना म्हणत होते, "पोरानं एवढी सोय करून देल्ली, मलेच वापरता आली नाई." मी उठून स्वयंपाकघरात गेले. तू समोर असतास तर तुझ्या थोबाडीत मारली असती, आणि दुसरी स्वतःच्या.

आज सकाळी त्यांनी हे अंतर्देशीय पत्र मागवलं आणि मला लिहायला बसवलं. "हरिदासले लिही, तुह्या गाडीचं माह्या हातून नुकसान झालं, मले माफ करजो." ती माफी त्यांच्या वतीने मी मागितलेली नाही, त्याऐवजी हे लिहिलंय. समोर पलंगावर बसून ते विचारताहेत, "लिवलं का वं सगळं?" मी हो म्हटलं. चष्म्याविना त्यांना वाचता येत नाही, म्हणून हे खपतंय. तुझ्यासारखीच आता मीही त्यांना फसवते आहे. पुढच्या आठवड्यातल्या रविवारच्या आत ये आणि त्यांच्यासमोर बसून खरं सांग. नाहीतर मी सांगेन, माझ्या हसण्यासकट. शेवटची ओळ स्वतः लिहायची म्हणतात, म्हणून खाली जागा सोडते.

तुझीच, दुसरा भाऊ नाही म्हणून,
कोकिळा

हरिदास, गाडीचं मनाले लावून घेऊ नोको. जेवत जाजो. — बाबा