वायेआ घरी येतोय

प्रिय लुपे,

मी ठणठणीत आहे, जेवतोही वेळेवर. आईचा गुडघा कसा आहे? सुरण लावून झाले का?

इकडे बुंडाबर्गच्या आमच्या शेडमध्ये रताळी निवडायला आता यंत्र आलंय. मंगळवारी या बदलाबद्दल आम्हाला समजावायला कंपनीनं बोलावलेल्या एका बाईंनी पडद्यावर शंखातला खेकडा दाखवला. म्हणाल्या, "वाढायचं तर जुना शंख सोडावा लागतो. नोकरीचंही तसंच. सेमिसी, तू बेटावरचा, खरं ना?"

मी म्हणालो, "खरंय बाई. पण नवा शंख मिळेपर्यंत तो उघडा असतो. तेवढ्यात पक्षी उचलतात."

शेजारी बसलेला वायेआ खो खो हसला, "गप रे, शहाण्या!" बाई हसल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी यंत्रावर मला घेतलं आणि वायेआला कामावरून काढलं. नऊ वर्षांपूर्वी त्यानंच मला रताळी पारखायला शिकवलं होतं. मला त्याच्याकडे बघवेना. शेवटी तोच येऊन पाठीवर थाप मारून गेला.

महिनाअखेरच्या विमानानं तो घरी येतोय. त्याच्या बायकोबरोबर तूही विमानतळावर जा. तिनं विचारलं तर सांग, घरची फार आठवण यायची म्हणून त्यानं स्वतःहून काम सोडलं. असं सांगायची गळ त्यानंच मला घातलीय.

पोरांना जवळ घे.

तुझाच,
सेमिसी