मी फिरवलेला ट्रे

बाई, तुम्हाला जाऊन लई वर्षं झाली, तरी तुम्हाला लिहायला बसले की पाठ आपोआप ताठ होते. लेकीच्या छापून वाया गेलेल्या कागदांच्या पाठकोऱ्या बाजूवर लिहितेय, नवा कागद फाडवत नाही. लेक इंग्रजी घेऊन एम.ए. करतेय. परवा उस्मानपुऱ्यातल्या आमच्या स्वयंपाकघरात मी वाती वळत होते, तेव्हा येऊन म्हणाली, "आई, अमेरिकेतली एक जुनी कादंबरी आहे. तिच्यातली छोटी पात्रं आणि गरीब-श्रीमंतांमधलं अंतर, यावर लिहायचंय." गोष्ट सांगायला लागली आणि माझे हात थांबले. श्रीमंतांचा बंगला, मेजवान्या, आणि मागच्या दारानं येणारी धुणंवाली. ही तर तुमची कादंबरी! आमच्या कन्नड गावच्या शाळेत शनिवारी शेवटच्या तासाला तुम्ही तिचं मराठी भाषांतर वाचून दाखवायचात. निबंधात मी मालकिणीच्या झग्यांवर दोन पानं भरली होती. वही परत देताना तुम्ही म्हणालात, "झगे स्वच्छ आहेत गं सगळे. पण धुणारी कुठंय?" वर्ग खो खो हसला, मी रडले. मग तुम्ही जवळ बसवून सांगितलंत की एवढ्या जाड पुस्तकात ती तीनदाच येते, आणि तिला कुणी बस म्हणत नाही.

दहावीचा निकाल लागला तसं तुम्ही आमच्या घरी आलात, पोरीला पुढं शिकवा म्हणून सांगायला. आई आत चहा गाळतेय. ट्रेमध्ये एक फुलाफुलांचा कप, दुसरा कानतुटका. तो बाहेरच्या कोनाड्यात असायचा, बौद्ध वस्तीतलं कुणी आलं तर त्यांच्यासाठी. तुम्ही त्याच वस्तीतल्या. कुणाला कुठला द्यायचा, ते आईनं डोळ्यांनीच सांगितलं. ओसरीवर माझे वडील म्हणतायत, "हुशार हाय, व्हय. पण लई शिकून करायचं काय? स्थळ आलंय." तुम्ही म्हणताय, "दोनच वर्षं द्या मला, दादा." बोलता बोलता तुमचा हात जवळच्या कपाकडे आला. तो फुलांचा होता. मी ट्रे फिरवला. आई आत होती, वडील रस्त्याकडं बघत होते. कुणी बघत नव्हतं, बाई. मीच फिरवला.

तुमचा हात जरासा थांबला. मग तुम्ही कानतुटका कप दोन्ही हातांनी उचललात, चहा प्यालात आणि पुन्हा माझ्यासाठीच बोलायला लागलात. तुम्ही उठलात तेव्हा मी वरून पाणी ओतलं, तुम्ही कप विसळून पालथा ठेवलात. "वाचन सोडू नको," एवढंच म्हणालात. दिवाळीच्या आत माझं लग्न झालं.

लेकीनं विचारलं तेव्हा मी वडिलांचा नकार सांगितला, तुमचं येणंही सांगितलं. कपाचं तोंडातून निघालंच नाही. आज तिनं लिहिलेलं वाचून दाखवलं. शेवटी मलाच घातलंय: माझी आईसुद्धा त्या धुणंवालीसारखी, दुसऱ्यांच्या गोष्टीत दाराआड उभी राहिलेली. वाचून तिनं माझ्याकडं पाहिलं. "बरोबर ना गं, आई?"

तसं ते अगदी खोटंही नाही. या दोन खोल्यांत चोवीस वर्षं सगळ्यांची ताटं वाढतेय, देवळात जायचं तरी परत कधी येणार ते सांगून जावं लागतं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी माझ्याकडं नीट पाहिलं, आणि मी मान डोलावली. पण ती धुणंवाली तुम्ही होतात, बाई. मी बंगल्यातली होते. उद्या सकाळी लेक तिचं हे लिखाण कॉलेजात देणार. आज सांगितलं तर तिला बदलता येईल, पण मग ती माझ्याकडं परत तसं बघणार नाही. देवापुढं बसून पाहिलं, देव काही बोलत नाही. तुम्ही बोलला असतात, म्हणून हा पत्ता नसलेला कागद.

आत्ता बाहेरच्या खोलीतून हाक आली, "आई, कागद टाचायचेत, टाचणी दे ना." मी उठून डबीतली टाचणी दिली. ती टाचेपर्यंत तिथंच उभी राहिले, आणि डबीचं झाकण लावून परत आत आले.